लिंबाखालचा ओटा

गेल्या दिवाळीत माहेरी, हिंगोलीला, वहीपूजन आटोपल्यावर काकासांनी घरातील सर्वांना बैठकीत थांबवून घेतले. बाबूजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, निधनाला लवकरच पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्यांच्या स्मरणार्थ घराने काही रक्कम बाजूला काढून ठेवली होती. ती कोणत्या कामी लावावी, एवढाच प्रश्न होता. माझ्या भावाचे मत तयार होते : रस्त्याच्या तोंडाशी एक कमान उभारावी आणि तीवर संगमरवरात बाबूजींचे नाव कोरावे. वहिनींनी बाकांची सूचना मांडली. प्रत्येक बाकावर नाव घालता येते. काकासांनी दोन्ही सूचना शांतपणे ऐकल्या, कपाटातून लाल कापडी बांधणीची एक जुनी खतावणी काढली आणि ती माझ्यापुढे ठेवली.

"धर्मादा खाते उघड, बेटा," एवढेच ते म्हणाले.

त्या खात्यावर दर वर्षी चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत त्याच त्या नोंदी येत होत्या. नवा रांजण. गाळण्याचे कापड. पाणी भरणाऱ्याची मजुरी. लिंबाखालचा ओटा सारवणे. रकमा आण्यांच्या आणि रुपयांच्या, अक्षर बाबूजींचे. कुठल्या समारंभाची नोंद नव्हती, पाटीचा किंवा रंगाचा खर्च नव्हता. वीस-बावीस पाने उलटली तरी नोंदी त्याच. मोठे दान एकदा देऊन टाकणारे हे खाते नव्हते. दर वर्षी पुन्हा उघडणारे होते.

लिंब आजही आमच्या जुन्या आडतीच्या दुकानासमोर उभा आहे. ओटा मात्र नाही, आणि तो कोणी बाहेरच्याने तोडलेला नाही. दुकानाला शटर बसवले तेव्हा पत्र्याचे छत आम्हीच पुढे ओढले. पोती ठेवायला जागा हवी म्हणून ओटा आम्हीच काढला. मी तेव्हा शाळेत होते. घरात कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही. उलट दुकान मोठे झाले म्हणून पेढे वाटले होते. पुढे रांजणाची जागा दुचाकींनी घेतली, लिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आले, काचेचे दार आणि वातानुकूलन आले. अलीकडे कोणीतरी देणगीदाखल एक लोखंडी बाक तेथे आणून ठेवला. तो भर उन्हात आहे आणि त्याचे तोंड भिंतीकडे आहे. त्यावर कोणी बसलेले मी पाहिले नाही.

हे सारे डोळ्यांवर आले ते हळदीमुळे. हिंगोली आणि वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उन्हाळ्यात आवक वाढली की मार्केट यार्डाबाहेर वाहनांच्या रांगा लागतात आणि शेतकऱ्याला रात्र वाहनाखाली काढावी लागते. माल यार्डात उतरला तरी उधारी फेडायला, किराण्याला, कापडाला तो जुन्या बाजारात येतोच. चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात तो आपल्याच ट्रॉलीच्या सावलीत उभा असतो. सावली सरकते तसा तोही सरकतो. ज्याच्या मालावर आपली पेढी उभी राहिली, त्याला टेकायला हातभर जागा आपण ठेवली नाही, हा विचार खतावणी मिटल्यावर मला स्वस्थ बसू देईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकासा म्हणाले, "शिरडला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला जाऊ. वाटेत औंढाही पाहू. कमानीचे उत्तर परतल्यावर."

हिंगोली सोडताना गाडीतून ओळखीची नावे मागे पडत गेली : रिसाला बाजार, पलटण, पेन्शनपुरा. निजामाच्या राज्यात येथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ती व्यवस्था संपली. घोडे गेले, शिपाई गेले, पेन्शन घेणारेही गेले. नावे मात्र राहिली. रामलीला मैदान वर्षभर एक साधे मोकळे मैदान असते. दसऱ्याच्या दिवसांत मात्र सारा जिल्हा तेथे लोटतो. गड्डेपीर गल्लीतील चिंतामणी गणपतीपुढे अनंत चतुर्दशीला नवसाच्या मोदकासाठी लाखोंची रांग लागते, आणि ती गल्ली तर दोन गाड्या समोरासमोर आल्या की अडून बसणारी. जागेची लांबी-रुंदी आणि तिची आठवण यांचा फारसा संबंध नसतो, हे आपल्या गावात रोज डोळ्यांसमोर असून ध्यानात येत नाही.

औंढा नागनाथ हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांत ज्याची गणना होते असे हे देवालय. खालचा भाग कोरीव काळ्या पाषाणाचा. वरचा नंतरच्या काळातील, निराळ्या बांधणीचा. गाभारा जमिनीखाली असून अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून उतरावे लागते. यात्रेकरूंची सारी गर्दी त्या वाटेवर असते. काकासा मात्र मला देवळाला वळसा घालून मागील बाजूस घेऊन गेले.

शिवमंदिरात नंदी देवासमोर असतो. येथे तो मागे आहे. त्याची कथा मराठवाड्यात लहान मुलालाही ठाऊक असते. याच जिल्ह्यातील नर्सीचे संत नामदेव येथे देवासमोर कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठवण्यात आले आणि मागे जायला सांगण्यात आले. ते वाद न घालता मागे गेले व गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याने नामदेवांकडे तोंड केले. नंदी तेवढा होता तेथेच राहिला.

ही कथा इतिहासाच्या काट्यावर तोलण्याची नव्हे. तिच्यात जागेविषयी जे शहाणपण आहे तेवढे घ्यावे. कोणत्याही वास्तूची मागील बाजू म्हणजे उरलेली जागा. सांडपाणी तिकडून वाहते, झाडू तिकडे ठेवतात, ज्यांना समोर बसू द्यायचे नसते त्यांना तिकडे धाडतात. नामदेवांनी तेथे चिरा रचला नाही की मंडप घातला नाही. ते तेथे बसले, मनापासून गायले, आणि माणसे त्यांच्याभोवती बसली. जागा तीच राहिली. तिच्याकडे पाहणाऱ्याचे तोंड फिरले. आज शतके लोटली तरी लोक ती मागील बाजू मुद्दाम पाहायला येतात.

काकासा नंदीजवळ बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "देऊळ फिरू शकले. आपले दुकान नाही फिरवता येणार?"

मला त्यांचे म्हणणे कळले. आमचे दुकान रस्त्याकडे तोंड करून आहे, असे आम्ही समजत होतो. काच, शटर आणि पुढे ओढलेला पत्रा यांनी त्याने केव्हाच रस्त्याकडे पाठ केली होती.

औंढ्याहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. येथील भगवान मल्लिनाथांची मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूरला होती आणि सुमारे तीनशे वर्षांपूर्वी येथे आणली गेली, असे परंपरा सांगते. दिगंबर समाजाचे हे अतिशय क्षेत्र. परंतु आमच्यासारखी श्वेतांबर घरेही येथे श्रद्धेने येतात. दर्शन झाल्यावर आम्ही मंदिराबाहेरील सावलीत टेकलो. तेवढ्यात एक माताजी आल्या. पायरीवर बसण्यापूर्वी त्यांनी मोरपिच्छीने ती जागा हलकेच पुसली. न दिसणारा एखादा जीव चिरडला जाऊ नये म्हणून. आपल्याकडे साध्वीजी हेच रजोहरणाने करतात. लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिले होते. त्या दिवशी मात्र वाटले, जागा स्वीकारण्याची याहून सुंदर रीत कोणती असेल? बसायचे ते आधी कोणाला दुखावणार नाही ना, हे पाहून बसायचे. आपल्या आगमांनी याला यतना म्हटले. घरात आपण जयणा म्हणतो. पाणी गाळताना, दिवा लावताना, धान्य निवडताना आपण जयणा पाळतो. उंबऱ्याबाहेरच्या चार हात जागेला मात्र ती लावायला विसरतो.

समवसरणाचे वर्णन आपण पाठशाळेत ऐकलेले असते. तीर्थंकरांची ती धर्मसभा. तिच्या बारा विभागांत देव, मनुष्य आणि पशुपक्षी या साऱ्यांना स्थान असते. भगवंत एकाच दिशेला बसलेले असूनही चारही दिशांना त्यांचे मुख दिसते, असे सांगतात. म्हणजे त्या सभेत कोणाच्याही वाट्याला पाठ येत नाही. औंढ्याच्या मागील अंगणातून नुकतीच आलेली मी, या एका तपशिलाशी थांबले. एका परंपरेच्या कथेत मागे धाडलेल्यासाठी देऊळ फिरते. दुसरीच्या वर्णनात मागची बाजूच नसते. सांगणे निराळे, तत्त्वज्ञान निराळे. पण आलेल्या माणसाकडे तोंड असावे, हा आग्रह दोहोंतही आहे.

आम्ही बसलो होतो तेथे काकासांच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले. पांगरा शिंदे परिसरातले, हळद पिकवणारे. त्या भागातील गावांत गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ४.५ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला, आणि १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढाच. हिंगोलीतही भांडी वाजली होती. काकासांनी त्यांना घराच्या भिंतींविषयी विचारले. ते बोलले ते मात्र पाराविषयी.

"आवाज झाला की घरात कोणी थांबत नाही बघा. समदे पारावर. कोण आलं, कोण राहिलं, तिथंच कळतंय."

पार म्हणजे झाडाभोवतीचा दगडी ओटा. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत जुनी, सर्वांत लहान सार्वजनिक जागा. तेथे पंचायत बसते, पोथी वाचली जाते, पाहुण्याला घर दाखवणारा तेथेच भेटतो. पण भयाच्या क्षणी सारे गाव जेथे एकमेकांना मोजते, ती जागाही पारच असते, हे मी प्रथम ऐकले. त्या पारावर कोणा दात्याचे नाव आहे का, हे विचारण्याचे मला सुचले नाही. विचारले असते तर त्यांनाही आठवले नसते. अंधारात पाय मात्र चुकत नाहीत.

परतीच्या वाटेवर मी काकासांना दोन परदेशी उदाहरणे सांगितली. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कमधील छोट्या चौकांचे चित्रीकरण करून माणसे कोठे बसतात आणि कोठून निघून जातात, याचा वर्षानुवर्षे शोध घेतला. त्याचे पुस्तक १९८० मध्ये आले. निष्कर्ष आपल्या कोणत्याही आजीने सांगितला असता असा : जेथे बसण्याची सोय असते तेथे माणसे बसतात, आणि तिला सावली, पाणी, खाण्याची जिन्नस आणि येत्या-जात्या माणसांचे दर्शन यांची जोड मिळाली की ती रेंगाळतात. दुसरे उदाहरण ॲमस्टरडॅमचे. महायुद्धानंतर त्या शहरात जागोजागी मोकळे, ओसाड तुकडे पडले होते. आल्डो व्हान आयक या वास्तुशिल्पज्ञाने १९४७ पासून तीसेक वर्षांत अशा तुकड्यांवर मुलांसाठी सातशेहून अधिक क्रीडास्थाने रचली. साहित्य अगदी साधे : वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे, लोखंडी कमानी, बाक, झाडे. त्यांतील बरीचशी पुढे नाहीशी झाली.

"नाहीशी का झाली?" काकासांनी विचारले.

"शहर वाढले, गाड्या वाढल्या. जपणूकही ढिली पडली असेल."

"म्हणजे आपल्या ओट्यासारखेच," ते म्हणाले, आणि हिंगोली येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

कमान बारगळली. तेवढ्याने प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. काकासांच्या मनात रांजणासोबत पक्ष्यांसाठी दाण्याचा चबुतराही होता. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दाणा टाकणाऱ्याची जीवदया खरी, तसे शेजारी राहणाऱ्याचे श्वासाचे दुखणेही खरे. आपल्या अंगणातील पुण्य आपल्यापुरते असते. रस्त्यावरचे पुण्य शेजाऱ्याला विचारून करावे लागते. आमच्या लिंबाच्या डाव्या हाताला एक उपाहारगृह आहे, वर एका वृद्ध दांपत्याचे घर आहे. त्यांना विचारले. त्यांनी संकोचाने नको म्हटले. काकासांना वाईट वाटले, पण त्यांनी ऐकले. आता फांदीला पाण्याचे एक परळ टांगले आहे. चिमण्या येतात, बुलबुल येतात. दाणा नाही.

पुढचे काम लहान होते, आणि लहान होते म्हणूनच कठीण होते. प्रथम आमचा स्वतःचा पत्रा तीन फूट मागे घेतला. भावाचा या गोष्टीला सर्वाधिक विरोध होता, कारण बाजारात तीन फुटांची किंमत काय असते, हे त्याला ठाऊक आहे. बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडून माती मोकळी केली. ओटा दगडाचा बांधून वर शहाबादी फरशी बसवली. उंची गुडघ्याइतकी, कारण म्हाताऱ्या माणसाला फार खालून उठवत नाही. ओट्याचा एक कोपरा मात्र कंबरेइतका उंच ठेवला. ही सूचना आमच्या जुन्या हमालाची. पाठीवरचे पोते क्षणभर टेकवून दम घ्यायचा तर ते जमिनीवर उतरवून चालत नाही. पुन्हा उचलायला दुसरा माणूस लागतो. आमच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नसते. लोखंडी बाक फेकला नाही. सावलीत आणून रस्त्याकडे वळवला. दुसऱ्याच दिवसापासून त्यावर माणसे बसू लागली.

घडवंचीवर दोन रांजण आले. पाणी रोज सकाळी दुहेरी कापडाने गाळले जाते, रांजण रोज धुतले जातात. आजी विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत हळुवार सोडायला लावीत असत. आता पाणी नळाचे आहे. पण कापड झटकून टाकताना हात अजून थबकतो. ओगराळे पहिल्या महिन्यात दोनदा चोरीला गेले. तिसरे साखळीने बांधले. साखळी पाहून मला लाज वाटली, काकासा म्हणाले, "लाज कशाला? तहान लागलेल्याला ओगराळे सापडले पाहिजे."

बाजूला काढलेल्या रकमेचा थोडासाच भाग बांधकामात गेला. उरलेली ठेव म्हणून ठेवली आहे. तिच्या व्याजातून कापड, रांजण आणि पाणी भरणाऱ्या बाईंचा पगार निघतो. घरातील प्रत्येकाने आठवड्यातील एक दिवस झाडण्याचा घेतला आहे. वहिनींचा मंगळवार, भावाचा शनिवार. मी पुण्याला असल्याने माझ्या वाट्याला दिवाळीचे आणि उन्हाळ्याचे दिवस आले. आपल्या समाजात दान देणाऱ्या हातांची वाण कधीच पडली नाही. पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ यांनी गावोगावच्या बाजारपेठा भरल्या आहेत. परंतु दान एका दिवसात होते आणि जागा रोज मळते. उद्घाटनाच्या छायाचित्राबरोबर जिचा हिशेब मिटतो, ती जागा वर्षभरात पुन्हा उरलेली जागा होते. म्हणून जुन्या खतावणीप्रमाणे नव्या वहीतही धर्मादा खाते उघडले आहे, आणि त्यात नोंदी त्याच आहेत : रांजण, कापड, मजुरी. सारवण्याऐवजी धुणे, एवढाच फरक.

राहता राहिले नाव. भावाची इच्छा होती की निदान एक लहान पाटी असावी. बाबूजींवर त्याचे प्रेम होते. ती इच्छा गैर म्हणता येणार नाही. बरीच चर्चा होऊन ओट्याच्या कडेला एक ओळ कोरायची ठरली. तीत नाव नाही. ती ओळ अशी आहे : "पाणी गाळलेले आहे. बसा."

यंदाच्या हळदीच्या हंगामात मी चार दिवस गेले होते. शनिवार होता, म्हणून भाऊ झाडू हातात घेऊन ओट्यापाशी उभा होता. कळमनुरीकडचे एक वयस्कर शेतकरी आले, दोन ओगराळी पाणी प्यायले, फरशीवर हात फिरवून बसले. रस्त्याकडे तोंड, आमच्या दुकानाकडे पाठ. थोड्या वेळाने त्यांनी शेजारी बसलेल्या हमालाला विचारले, "कुणाचा हो हा ओटा?"

हमालाने तंबाखू मळता मळता उत्तर दिले, "बाजाराचा."

मी भावाकडे पाहिले. त्याने ते ऐकले होते. तो काही बोलला नाही. लिंबाची गळलेली पाने तेवढी एका बाजूला लोटली.